कॉम्प्युटर इंजिनिअरिंगसाठी लॅपटॉप: पहिलं वर्ष सोडा, तिसऱ्या वर्षाकडे बघून घ्या

कॅप राउंडमध्ये कॉम्प्युटर, आयटी किंवा एआय-डीएस (एआय आणि डेटा सायन्स) मिळालं, फी भरून झाली, की घरात पुढचा विषय लॅपटॉपचा निघतो. मामेभाऊ म्हणतो, "गेमिंगचाच घे." दुकानदार म्हणतो, "सध्या हाच चालतोय." वडील विचारतात, "चाळीस हजारांत नाही का बसणार?" तिघांच्याही बोलण्यात थोडं थोडं तथ्य असतं, म्हणूनच निर्णय अडतो. पहिल्यांदाच लॅपटॉप घेणाऱ्यांनी कुठल्या क्रमाने विचार करावा, ते इथे सांगतो. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, बीसीए आणि पॉलिटेक्निकवाल्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

पायरी १: दुकानात जाण्याआधी अभ्यासक्रम उघडा

विद्यापीठाच्या संकेतस्थळावर चारही वर्षांचा अभ्यासक्रम मिळतो. त्यातली फक्त प्रॅक्टिकलची पानं बघा. पहिल्या वर्षी गणित, फिजिक्स, बेसिक इलेक्ट्रिकल आणि जोडीला सी किंवा पायथन. एवढ्याला दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉपही पुरतो. दुसऱ्या वर्षी डेटा स्ट्रक्चर्स येतात, त्यांचाही मशीनवर फारसा भार नसतो.

खरी परीक्षा तिसऱ्या वर्षी सुरू होते. मायएसक्यूएल आणि मोंगोडीबी हे डेटाबेस, जावाचा मोठा प्रोजेक्ट, मोबाइल ॲप बनवायचा अँड्रॉइड स्टुडिओ, व्हर्च्युअल मशीनमध्ये (म्हणजे विंडोजच्या आत चालणाऱ्या दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये) उबुंटू हे लिनक्स, आणि मागे क्रोमचे वीस टॅब. पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नमध्ये (अभ्यासक्रमात) तिसऱ्या वर्षाच्या डेटा सायन्सच्या प्रॅक्टिकलला प्रचंड डेटा हाताळणारं हडूप आहे, तर शेवटच्या वर्षी हाय परफॉर्मन्स कॉम्प्युटिंगमध्ये कुडाचे, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चालणारे, प्रोग्राम आहेत. शिवाय मेजर प्रोजेक्ट. म्हणजे आज घेतलेलं मशीन सर्वात जास्त राबणार ते दोन-तीन वर्षांनी, तेव्हा त्याची वॉरंटीही बहुधा संपलेली असेल. पुढचे सगळे सल्ले या एका हिशोबावर उभे आहेत.

यातून एक गोष्ट निघते, जी दुकानात कुणी सांगणार नाही. हात तंग असेल, तर पहिल्या दिवशी लॅपटॉप असायलाच हवा असं नाही. पहिलं सेमिस्टर कॉलेजच्या लॅबवर निघतं. दसरा-दिवाळीच्या सेलपर्यंत थांबलात तर तेवढ्याच पैशांत बऱ्याचदा एक पायरी वरचं मशीन येतं. कॉलेजने सक्तीच केली असेल तर अर्थात इलाज नाही. सिनिअरना विचारून घ्या, पण "कुठला घेऊ?" असं विचारू नका. "तुझा लॅपटॉप कुठल्या विषयाला रडला?" असं विचारा. उत्तर जास्त कामाचं मिळेल.

पायरी २: आकडा ठरवा, आणि पैसे कुठून येणार तेही

साधारण पन्नास ते पासष्ट हजारांच्या टप्प्यात चार वर्षं टिकेल असं मशीन मिळतं. भाव सतत हलत असतात, त्यामुळे हा आकडा अंदाजाचाच धरा. यात १८ टक्के जीएसटी आलेला असतो. घरचा व्यवसाय असेल आणि लॅपटॉप त्या व्यवसायासाठीच घेत असाल, तर व्यवसायाचा जीएसटी नोंदणी क्रमांक टाकून बिल घेता येतं.

शैक्षणिक कर्ज घेतलं असेल तर बँकेत नक्की विचारा. इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श कर्ज योजनेत, अभ्यासक्रमासाठी लागत असेल तर कॉम्प्युटरचा वाजवी खर्चही धरता येतो. त्यासाठी दुकानाचं कोटेशन द्यावं लागतं. मंजुरीच्या वेळीच हा खर्च कर्जात लिहून घ्यावा. नंतर जोडायचा म्हटलं की फेऱ्या वाढतात.

'नो कॉस्ट ईएमआय' हे नाव ऐकून हुरळू नका. व्याजाइतकी सूट आधी दिली जाते, पण बँक त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लावते आणि प्रोसेसिंग फी वेगळी घेते. रक्कम फार मोठी नसते, पण शून्यही नसते. रोख घेतल्यावर मिळणारी सूट ईएमआयवर मिळत नसेल, तर तो फरकही त्यात मिळवा.

पायरी ३: आधी रॅम, मग बाकी सगळं

एकच गोष्ट ताणून घ्यायची असेल तर ती रॅम, म्हणजे चालू कामासाठीची मेमरी. विंडोज ११ आणि ब्राउझरचे काही टॅब मिळून पाच-सहा जीबी सहज खातात. म्हणजे ८ जीबीच्या मशीनमध्ये तुमच्या कामाला उरतात जेमतेम दोन. अँड्रॉइड स्टुडिओ इम्युलेटरसकट (स्क्रीनवरच्या नकली फोनसकट) चालवायला गूगलच स्वतः किमान १६ जीबी सांगतं. ८ जीबीवर तो चालतो, पण एक बिल्ड (कोडपासून ॲप तयार करणं) लावून खाली चहा पिऊन यायचं, अशा वेगाने. व्हर्च्युअल मशीनला ४ जीबी तोडून दिले, की मूळ विंडोजही हाशहुश करायला लागतं.

तेव्हा १६ जीबी हवेत. आता खरा प्रश्न: ते आज हवेत, की पुढे वाढवता येतील एवढं पुरे? इथे दोन प्रकार नीट समजून घ्या. काही लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. माहितीपत्रकात 'ऑनबोर्ड' किंवा 'एलपीडीडीआर' असं लिहिलेलं असेल, तर ती बहुधा याच जातीची. जन्मभर आहे तेवढीच राहणार. दुसऱ्या प्रकारात रॅमची पट्टी स्लॉटमध्ये बसवलेली असते, तिला 'सोडिम' म्हणतात. ती काढता-घालता येते. काही मॉडेलमध्ये ८ जीबी सोल्डर आणि शेजारी एक स्लॉट मोकळा, असा मधला प्रकार असतो, तोही चालेल.

८ जीबी आणि सगळी सोल्डर केलेली, असा लॅपटॉप कितीही सुंदर आणि कितीही स्वस्त असला तरी कॉम्प्युटरच्या विद्यार्थ्याने घेऊ नये. यात मला 'पण' दिसत नाही.

पूर्वी मी बिनधास्त सांगायचो की आज ८ घ्या, दोन वर्षांनी दीड-दोन हजारांची पट्टी टाका. २०२५ च्या अखेरीला एआय सर्व्हरच्या मागणीमुळे मेमरीचे भाव झपाट्याने चढले, आणि तो सोपा सल्ला मागे पडला. आता दुकानात उभं राहूनच दोन किमती विचारा: १६ जीबीच्या मॉडेलची, आणि ८ जीबीचं मॉडेल अधिक एक पट्टी, अशी. पट्टी टाकायची असेल तर ती टाकल्याने वॉरंटी जाते का, हेही कंपनीच्या हेल्पलाइनवरून विचारून ठेवा.

पायरी ४: प्रोसेसरचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा

"आय५ आहे" किंवा "रायझन ५ आहे" हे वाक्य जवळजवळ निरुपयोगी आहे. एकाच नावाच्या स्टिकरखाली फार वेगवेगळी मशीनं विकली जातात.

एएमडीचं उदाहरण घ्या. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू. फरक एका आकड्याचा, दोन्ही ७००० मालिकेतले. पण चार आकडी नावात तिसरा आकडा आतली रचना सांगतो. ७५२०यू मध्ये तो २ आहे, म्हणजे झेन २. ही रचना २०१९ ची, कोअर (एकाच वेळी काम करणारे आतले भाग) चार. ७५३०यू मध्ये तो ३ आहे: झेन ३, कोअर सहा. त्यात ७५२०यू ला रॅम एलपीडीडीआर५ च लागते, म्हणजे सोल्डर केलेलीच. चाळीस हजारांच्या आसपासच्या जाहिरातींत 'रायझन ५, ७००० सिरीज' असं मोठ्या अक्षरांत दिसलं, तर आधी तिसरा आकडा बघा. ७६४०एचएस किंवा ८६४५एचएस मध्ये तो ४ आहे. ते झेन ४, चांगले. ही युक्ती ७००० आणि ८००० मालिकेपुरतीच आहे. त्यानंतर आलेल्या तीन आकडी नावांना ती लागू होत नाही.

इंटेलमध्ये शेवटचं अक्षर बघा. 'यू' म्हणजे कमी वीज खाणारा, मूळ मर्यादा १५ वॉटची. 'एच' म्हणजे ४५ वॉटचा, जास्त ताकदीचा आणि जास्त तापणारा. आय५-१३३५यू कोडिंगसाठी पुरेसा आहे आणि बॅटरी जपतो. आय५-१२४५०एच आणि आय५-१३४२०एच मोठ्या प्रोजेक्टचं कंपायलिंग (कोड मशीनच्या भाषेत बदलणं) पटापट उरकतात, पण पंख्याचा आवाज येतो. २०२३ च्या अखेरीपासून इंटेलने नावातला 'आय' काढायला सुरुवात केली, त्यामुळे 'कोअर ५' आणि 'कोअर अल्ट्रा ५' अशी नावं दिसतील. नाव नवं म्हणजे आतलं सगळं नवं असं नाही. कोअर ५ १२०यू हा आधीच्याच पिढीचा हात फिरवलेला अवतार आहे. वाईट मुळीच नाही, पण 'लेटेस्ट' म्हणून जास्त पैसे मोजू नका.

बजेट अगदीच कमी असेल तर आय३-१२१५यू मध्ये १६ जीबी रॅम घ्या. ८ जीबीच्या आय५ पेक्षा तो तिसऱ्या वर्षी जास्त साथ देईल. सेलेरॉन, पेंटियम किंवा एन१०० असलेली मशीनं मात्र फॉर्म भरायला आणि सिनेमे बघायला ठीक. आपल्या कामाची नाहीत.

स्टोरेजचं थोडक्यात उरकतो. ५१२ जीबी, एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे वेगवान प्रकारची डिस्क. 'ईएमएमसी' (संथ प्रकारचं स्टोरेज) लिहिलेलं असेल तर मॉडेल बाजूला ठेवा. एसएसडी नंतर बदलता येते, दुसरा स्लॉट असला तर उत्तमच. १ टीबीसाठी आज जादा पैसे घालवू नका.

पायरी ५: ग्राफिक्स कार्डाचा हट्ट

या मुद्द्यावर घराघरांत वाद होतात, म्हणून जरा सविस्तर.

"एआय शिकायचंय, मग ग्राफिक्स कार्ड लागणारच" असं सांगितलं जातं. परवडणाऱ्या गेमिंग लॅपटॉपमध्ये आरटीएक्स ३०५० असतं, त्याची स्वतःची मेमरी ४ किंवा ६ जीबी. आरटीएक्स ४०५० ला ६ जीबी. गूगल कोलॅबवर (ब्राउझरमधून दूरचं मशीन वापरायची सोय) फुकट मिळणाऱ्या टी४ कार्डाला १६ जीबी आहे. कॅगल या तशाच संकेतस्थळावरही दर आठवड्याला ठरावीक तास असं कार्ड फुकट वापरायला मिळतं. कोलॅबचं सेशन मध्येच तुटतं, वेळेची मर्यादा असते, हॉस्टेलच्या वायफायवर चिडचिड होते, हे सगळं खरं. तरीही अभ्यासक्रमातली कुडाची प्रॅक्टिकल्स, व्हेक्टरची बेरीज असो की मॅट्रिक्सचा गुणाकार, तिथे आरामात होतात. आणि घरच्या ४ जीबीच्या कार्डावर मोठं मॉडेल ट्रेन करायला गेलात, तर मेमरी संपल्याचा संदेश लवकरच येतो.

बदल्यात द्यावं काय लागतं? सव्वादोन ते अडीच किलो वजन, वर अर्धा किलोच्या आसपासचा चार्जर. बॅटरी कशीबशी तीन-चार तास. पिंपरीहून लोकल आणि पीएमपीने रोज कॉलेज गाठणाऱ्याच्या पाठीला हा हिशोब पहिल्याच आठवड्यात कळतो.

गेम डेव्हलपमेंट, ब्लेंडर, युनिटी यांत खरोखर रस असेल तर कार्ड घ्या, उपयोग होईल. गेम खेळायचे असतील तरीही घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त तसं घरी सांगून घ्या. "अभ्यासाला लागतो" हे कारण पुढे करून दहा-पंधरा हजार वाढवून घेण्यात वडिलांची फसवणूक आहे, आणि ती त्यांना बहुधा कळलेलीही असते.

पायरी ६: हात, डोळे आणि बॅटरी

प्रोसेसरपेक्षा जास्त वेळ तुमचा संबंध कीबोर्ड आणि स्क्रीनशी येणार आहे, म्हणून ऑनलाइन घेणार असलात तरी एकदा दुकानात जाऊन ते मॉडेल हाताळा. दहा ओळी टाइप करून बघा. एका कोपऱ्याला धरून झाकण उघडा. बिजागरी कुरकुरली किंवा स्क्रीन वाकली तर पुढे तिथेच तुटणार. कीबोर्डला दिवा असावा. हॉस्टेलमध्ये रूममेट झोपल्यावर ट्यूबलाइट लावता येत नाही.

स्क्रीन आयपीएस (बाजूनेही नीट दिसणारी) आणि किमान १९२० गुणिले १०८० पिक्सेलची. १९२० गुणिले १२०० मिळाली तर अधिक चांगलं, कोडच्या चार ओळी जास्त दिसतात. '४५ टक्के एनटीएससी' म्हणजे रंग फिकट. कोडिंगला अडत नाही, डिझाइनला अडतं. २५० निट्सची (हे उजेडाचं माप) स्क्रीन खिडकीशेजारी बसल्यावर मंद वाटते, ३०० पासून पुढे बरी.

बॅटरीचे 'दहा तास' जाहिरातीत सोडून द्या आणि वॉट-अवरचा आकडा शोधा. हलक्या कामात लॅपटॉप साधारण ८ वॉट खातो असं धरलं, तर ४२ वॉट-अवरची बॅटरी पाच तास चालेल. कंपायलिंग, व्हर्च्युअल मशीन सुरू झालं की त्याहून बरीच कमी. ५० च्या पुढे असेल तर कॉलेजचा दिवस निभतो. टाइप-सी वरून चार्ज होणारं मॉडेल मिळालं तर ते निवडा. चार्जर विसरला तर वर्गात कुणाकडे तरी चालणारा सापडतो.

मॅकबुक आणि स्नॅपड्रॅगनबद्दल

मॅकबुक एअरची किमान रॅम ऑक्टोबर २०२४ पासून १६ जीबी झाली, त्यामुळे आता त्याला नावं ठेवायला जागा कमी उरली आहे. पंखा नाही, बॅटरी दिवसभर चालते, जुना विकताना किंमतही बरी येते. आयफोनची ॲप्स बनवायची असतील तर मॅकला पर्यायच नाही.

अडचण एका कोपऱ्यात आहे. त्यातली चिप एआरएम प्रकारची, इंटेल-एएमडीची एक्स८६ प्रकारची. आपल्याकडे मायक्रोप्रोसेसरच्या लॅबमध्ये नॅझम किंवा टॅझम या सॉफ्टवेअरवर एक्स८६ ची असेंब्ली, म्हणजे थेट चिपसाठीचा कोड, लिहून घेतात. ती मॅकवर सरळ चालत नाही. उबुंटूची नेहमीची एक्स८६ व्हर्च्युअल मशीनही धड वेगाने चालत नाही. एका विषयासाठी कॉलेजच्या लॅबमध्ये बसायची तयारी असेल तर खुशाल घ्या. विद्यार्थ्यांसाठी वेगळी किंमत असते, ती विचारायला विसरू नका. एसएसडी मात्र नंतर वाढवता येत नाही.

क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन चिपच्या विंडोज लॅपटॉपलाही हाच एआरएमचा मुद्दा लागू आहे, शिवाय कॉलेजची जुनी सॉफ्टवेअरं आणि ऑनलाइन परीक्षेचे ब्राउझर त्यावर अडू शकतात. पहिला आणि एकमेव लॅपटॉप म्हणून मी तो आज सुचवणार नाही.

पायरी ७: कुठून घ्यायचा

ऑनलाइन की दुकान, यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न: त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर तुमच्या गावात किंवा कॉलेजच्या शहरात आहे का? लातूरला शिकायचं आणि दुरुस्तीला पुण्याला पाठवायचं, यात परीक्षेच्या तोंडावर पंधरा दिवस जातात. 'ऑन-साइट' वॉरंटी असेल तर माणूस घरी किंवा हॉस्टेलवर येतो. 'कॅरी-इन' असेल तर तुम्ही न्यायचं. चहा सांडणं, पडणं या गोष्टी साध्या वॉरंटीत बसत नाहीत. त्यासाठी अपघाती नुकसानीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. हॉस्टेलवाल्यांनी ते घ्यावं, घरून येऊन-जाऊन करणाऱ्यांनी सोडलं तरी चालेल. जून ते सप्टेंबर दरम्यान कंपन्यांच्या विद्यार्थी योजनांत ही जादा वॉरंटी कमी पैशांत मिळते का, तेही बघा.

'डॉस' किंवा 'विंडोजशिवाय' असलेलं मॉडेल काही हजारांनी स्वस्त असतं. उबुंटूच वापरणार असाल तर घ्या. दुकानदार "विंडोज टाकून देतो" म्हणाला, तर ते बहुधा चोरीचं असतं.

तीस हजारांच्या आत बसवायचं असेल तर नव्यापेक्षा कंपन्यांकडून आलेले रिफर्बिश्ड लॅपटॉप बघा. लेनोव्होचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर यांची दुकानं आहेत. इंटेलची आठवी पिढी ही विंडोज ११ ची खालची मर्यादा आहे, त्याखाली जाऊ नका. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आठव्या पिढीच्या थिंकपॅड टी४८० ला रॅमचे दोन स्लॉट आहेत, कीबोर्ड तर आजच्या अनेक नव्या लॅपटॉपपेक्षा सरस. बायोसला (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगला) पासवर्ड नाही ना, हे दुकानातच तपासा. विंडोज नव्याने टाकून, इंटरनेट जोडून सुरू करायला लावा; कुठल्या तरी कंपनीचं लॉगिन मागितलं तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या नावावर अडकलेलं आहे, तिथेच ठेवा. बिल आणि लेखी वॉरंटीशिवाय पैसे देऊ नका.

पायरी ८: खोका उघडताना आणि पहिल्या संध्याकाळी

दुकानात सील तुमच्यासमोर फोडायला लावा. घरपोच आला तर खोका उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा. खोक्यावरचा आणि लॅपटॉपच्या पोटावरचा सिरियल नंबर जुळवा, मग कंपनीच्या संकेतस्थळावर तो टाकून वॉरंटीची तारीख बघा. ती महिन्यांपूर्वी सुरू झालेली दिसली, तर बिल दाखवून लगेच दुरुस्त करून घ्या.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी'वर गेलात की रॅम किती आहे आणि किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. प्रोसेसरचं पूर्ण नावही तिथेच. सांगितलेलं आणि मिळालेलं एकच आहे ना, बघा. स्क्रीनवर पूर्ण पांढरं आणि पूर्ण काळं चित्र लावून मेलेले पिक्सेल शोधा. सगळी बटणं, कॅमेरा, स्पीकर, प्रत्येक यूएसबी. काही खटकलं तर त्याच दिवशी कळवा. बदलून देण्याची मुदत मोजक्या दिवसांची असते.

सोबत ऑफिस आलं असेल तर ते विद्यार्थ्याच्याच मायक्रोसॉफ्ट खात्यावर चालू करा, दुकानदाराच्या नको. कॉलेजचा ईमेल मिळाला की गिटहबचा स्टुडंट पॅक आणि जेटब्रेन्सचं विद्यार्थी लायसन्स फुकट मिळतं. जेटब्रेन्सच्याच पायचार्मची (पायथन लिहायचं सॉफ्टवेअर) चोरीची प्रत उतरवण्याची गरजच नाही. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच आहे, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सोय कंपनीच्या ॲपमध्ये असेल तर ती चालू ठेवा, विशेषतः लॅपटॉप दिवसभर प्लगला असेल तर.

लिनक्स शिकायला सुरुवातीला डब्ल्यूएसएल वापरा. विंडोजच्या आतच उबुंटूचं टर्मिनल मिळतं, डिस्कला हात लावावा लागत नाही. पुढे शेजारी उबुंटू टाकायचंच ठरलं, तर आधी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क लॉक करणारं कुलूप) रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवा. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क बऱ्याचदा आधीच लॉक केलेली असते, आणि बूटची सेटिंग बदलली की विंडोज तीच ४८ आकडी की मागतं.